भेंडीची तार, चवळीचा भात आणि गंबो

वाचकांचे प्रश्न : स्वयंपाकघर

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, म्हणजे लुइझियाना, जॉर्जिया, साउथ कॅरोलिना या भागांत, भेंडी, चवळी, रताळी, मका आणि जाड पानांच्या पालेभाज्या घरोघरी शिजतात. यातलं बहुतेक सामान मुंबईच्या कुठल्याही मंडईत मिळतं. तिकडे राहणाऱ्या मुला-नातवंडांकडून या पदार्थांची नावं कानावर पडल्यामुळे असेल, या वेळी पत्रं बरीच आली. त्यांत भेंडीची पत्रं सगळ्यात जास्त, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच.

प्रश्न : भेंडीची भाजी कितीही परतली तरी तार सुटते आणि शेवटी लगदा होतो. काय चुकतं? (दादर)

उत्तर : भेंडीच्या आत जो बुळबुळीत द्रव असतो तो पाण्यात विरघळतो आणि पाणी मिळालं की फुगतो. पाणी चार वाटांनी येतं: ओल्या भेंडीवरचं, झाकणाला साचून खाली पडणारं, मिठाने ओढून काढलेलं आणि कढईत गर्दी झाल्यामुळे कोंडलेल्या वाफेचं. या चारही वाटा बंद केल्या की भाजी कोरडी होते.

पाव किलो भेंडी अख्खी असतानाच धुवा. चिरल्यावर धुणं म्हणजे तार मुद्दाम वाढवणं. निथळून पंचावर पसरा आणि पुसा. पंख्याखाली निदान अर्धा तास राहू द्या. पावसाळ्यात मुंबईची हवाच ओली असते, तेव्हा आदल्या रात्री धुऊन ठेवणं उत्तम. विळी किंवा सुरी कोरडी हवी, आणि मध्ये मध्ये कोरड्या फडक्याने पुसावी. चकत्या एक सेंटिमीटरच्या ठेवा. बारीक चिरलं की कापलेला भाग वाढतो आणि तितकी तारही जास्त बाहेर येते.

कढई पसरट घ्या. पाव किलोला 24-25 सेंटिमीटर व्यासाची हवी. दोन मोठे चमचे तेल चांगलं तापवून मोहरी, जिरं, हिंग, हळद, हिरवी मिरची अशी फोडणी करा, भेंडी घाला आणि मध्यम ते मोठ्या आचेवर झाकण न ठेवता परता. पहिली पाच मिनिटं तार दिसेलच. तिथेच घाबरून झाकण ठेवलं जातं आणि भाजी बिघडते. सतत ढवळूही नका, मिनिटा-दीड मिनिटाने एकदा उलथनं फिरवा. सहाव्या-सातव्या मिनिटाला तीन-चार आमसुलं किंवा एक चमचा लिंबाचा रस घाला. आंबटाने ती बुळबुळ पातळ पडते, मग ती लवकर आटते. बारा ते पंधरा मिनिटांत तार जाते आणि कडा किंचित तपकिरी होतात. मीठ तेव्हा घाला, आधी नाही. खोबरं-कोथिंबीर गॅस बंद केल्यावर.

आणखी दोन गोष्टी. हिरवा रंग टिकावा म्हणून सोडा घालण्याची सवय असेल तर सोडून द्या. सोड्याने आंबटाच्या नेमकं उलट होतं, तार घट्ट होते आणि भेंडी मऊ पडते. आणि आमसूल घालायचं असेल तर लोखंडी कढई नको, भाजी काळपट होते. स्टील किंवा नॉनस्टिक चालेल.

प्रश्न : मुलगी लुइझियानात आहे. ती ‘गंबो’ची फार तारीफ करते. तो भेंडीचाच असतो ना? इथे करता येईल का? आम्ही मासे खातो. (मुलुंड)

उत्तर : करता येईल, आणि चांगला होईल, कारण कोळंबी आणि भेंडी या दोन्ही बाबतींत मुंबईला काही कमी नाही. गंबो म्हणजे भातावर वाढायचा दाट रस्सा, आणि त्याचं नावच भेंडीवरून आलं, असं मानतात. मध्य आफ्रिकेतल्या बांटू भाषांमध्ये भेंडीला ‘किंगोम्बो’सारखा शब्द आहे. गुलाम म्हणून जबरदस्तीने नेलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर ही भाजी आणि तिचं नाव अमेरिकेत पोचलं. सगळ्या गंबोंत भेंडी असते असं मात्र नाही. काही ठिकाणी दाटपणासाठी ‘फिले’ म्हणजे ससाफ्रास झाडाच्या पानांची पूड वापरतात. ती तिथल्या चॉक्टॉ या मूळ रहिवाशांची देणगी. फिले इथे शोधत बसू नका, भेंडी असताना तिची गरज नाही.

सहा जणांसाठी: कोळंबी अर्धा किलो, कवच आणि डोक्यांसकट आणा. सोलून, दोरा काढून बाजूला ठेवा. कवचं आणि डोकी दीड लिटर पाण्यात वीस मिनिटं मंद उकळून गाळून घ्या. हे पाणी म्हणजे गंबोची अर्धी चव आहे, कोळणीकडे सोलून मागितली तर ती तिथेच राहते.

भेंडी 300 ग्रॅम, वर सांगितल्याप्रमाणे कोरडी करून, दोन चमचे तेलात वेगळी परता, बारा-पंधरा मिनिटं, तार बरीचशी जाईपर्यंत. इथे शंभर टक्के घालवायची नाही; उरलेली तारच पुढे रसाला अंग देते.

आता ‘रू’, म्हणजे तेलात भाजलेला मैदा. मैदा 75 ग्रॅम, तेल 90 मिलिलिटर. शेंगदाण्याचं गाळीव तेल छान, लोणी नको, ते इतका वेळ टिकत नाही, जळतं. जाड बुडाच्या पातेल्यात मंद-मध्यम आचेवर लाकडी उलथन्याने बुडाला घासत राहा. दहा मिनिटांत बेसनाच्या लाडवाच्या मिश्रणासारखा रंग येईल, वीस मिनिटांत तांब्याचा, तीस ते चाळीस मिनिटांत काळपट चॉकलेटचा. फोन, दारावरची बेल, काहीही असो, हात सोडायचा नाही. काळे ठिपके दिसले तर रू जळला. तो सुधारत नाही, टाकून नव्याने करावा लागतो. जळलेला कडवटपणा सहा जणांच्या जेवणात उतरण्यापेक्षा पंचाहत्तर ग्रॅम मैदा गेलेला परवडला. रू तापलेल्या तेलाइतका गरम असतो, मुलांना जवळ येऊ देऊ नका.

रंग आला की लगेच दोन कांदे, एक मोठी ढोबळी मिरची आणि सेलरीच्या दोन दांड्या, सगळं बारीक चिरून, एकदम घाला. भाज्यांच्या ओलाव्याने रू पुढे जळायचा थांबतो. सेलरी क्रॉफर्ड मार्केटात मिळते. नसेल तर वगळा. ओवा घालू नका, त्याचा वास सगळं झाकून टाकतो. पाच-सात मिनिटांनी सहा पाकळ्या लसूण, मग कोळंबीचं गरम पाणी एकेक पळी घालून ढवळत राहा. एक चमचा लाल तिखट, अर्धा चमचा मिरपूड, अर्धा चमचा सुका थाइम आणि मीठ घाला. तमालपत्र एकच, कारण आपल्या पानाला दालचिनीचा वास असतो आणि तिकडचं ‘बे लीफ’ वेगळ्या झाडाचं. गरम मसाला अजिबात नाही.

परतलेली भेंडी घालून मंद आचेवर पाऊण तास. कडेला तेल सुटेल, ते पळीने काढून टाका. कोळंबी अगदी शेवटी, तीन-चार मिनिटं. वळली आणि गुलाबी झाली की बंद. जास्त शिजली की रबरासारखी होते. वाढताना खोलगट ताटलीत मोकळा पांढरा भात आणि वरून गंबो.

पातळ झाला, अशी तक्रार बहुतेकांची असते. त्याचं कारण रूच्या रंगात आहे: मैदा जितका काळा भाजला तितका त्यातला स्टार्च मोडतो आणि दाटपणा द्यायची ताकद कमी होते. म्हणून गडद रूला भेंडीची जोड हवी. कॉर्नफ्लोअर लावून दाट केलात तर गिळगिळीत लागेल.

प्रश्न : तिकडची तळलेली भेंडी घरी केली, पण आवरण गळून तेलात उतरलं. कॉर्नफ्लोअर वापरलं होतं. (ठाणे)

उत्तर : चूक त्या शब्दात आहे. आपल्या दुकानातलं कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा पांढराशुभ्र स्टार्च. तिकडच्या कृतीत जे ‘कॉर्नमील’ लिहिलेलं असतं ते पिवळं, दाणेदार मक्याचं पीठ. पंजाबी रोट्यांसाठी मिळतं ते मक्याचं पीठ आणि मक्याचा रवा निम्मे-निम्मे घ्या, मिळून 100 ग्रॅम. त्यात दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ, पाऊण चमचा मीठ, अर्धा चमचा तिखट, थोडी मिरपूड.

पाव किलो भेंडीचे एक सेंटिमीटरचे तुकडे करून 100 मिलिलिटर दाट ताकात दहा मिनिटं ठेवा. भाजी करताना जी तार नको होती, तीच इथे हवी असते. पीठ धरून ठेवायचं काम ती करते. मग चाळणीत उपसून जादा ताक निथळू द्या. हेच राहून जातं आणि पीठ लापशीसारखं होऊन गळतं. पिठात घोळवा, चाळणीत हलवून सैल पीठ झाडा, पाच मिनिटं थांबा आणि तळा. पाच मिनिटं म्हणजे पाचच, अर्धा तास ठेवलंत तर आवरण चिकट होतं.

तेल 180 अंशांच्या आसपास हवं. एक तुकडा टाकला की लगेच बुडबुडे येऊन वर आला पाहिजे. एका वेळी मूठभरच टाका आणि पहिलं मिनिट झारा लावू नका. तीन-चार मिनिटांत सोनेरी होते. जाळीवर काढा, डब्यात झाकून ठेवली तर दहा मिनिटांत मऊ पडते. डाळ-भाताबरोबर तोंडी लावायला ही भेंडी इतकी चांगली लागते की जरा जास्तच करा.

प्रश्न : ‘कोलार्ड ग्रीन्स’ मुंबईत मिळत नाहीत. पालक चालेल का? (बोरिवली)

उत्तर : पालक नको. पाच मिनिटांत विरघळणारं पान आणि पाऊण तास शिजूनही चावायला उरणारं पान यांची अदलाबदल होत नाही. नवलकोलाचा पाला वापरा. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि कोलार्ड ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीची रूपं आहेत, त्यामुळे चव बरीच जवळ येते. भाजीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर तो पाला मोडून न टाकता ठेवतो. हिवाळ्यात मोहरीची पानं मिळतात, ती एक तृतीयांश मिसळा. अमेरिकेच्या दक्षिणेतही मोहरी, सलगम आणि कोलार्डचा पाला एकत्र शिजवतात.

अर्धा किलो पाला तीन पाण्यांतून धुवा. जाड शिरा काढा, पानांची गुंडाळी करून दोन सेंटिमीटरच्या पट्ट्या चिरा. दोन चमचे तेलावर कांदा, सहा लसूण पाकळ्या, दोन सुक्या मिरच्या परता. पाला, एक चमचा मीठ आणि पाऊण लिटर पाणी घालून मंद आचेवर 40 ते 50 मिनिटं ठेवा. मोहरीची पानं अर्ध्या वेळाने घाला. रंग शेवाळी होईल, तो तसाच हवा.

व्हिनेगर एक मोठा चमचा, पण उतरवताना. आधी घातलं तर आंबटाने पानं मऊच होत नाहीत.

मूळ पदार्थात धुरावलेलं डुकराचं मांस असतं, आणि चवीचा खोलपणा त्या धुरातून येतो. शाकाहारी घरात कोळशाची धुनी द्या: लाल निखारा वाटीत ठेवून पातेल्यात ठेवा, वर अर्धा चमचा तूप, झाकण तीन मिनिटं. जास्त वेळ ठेवलं तर भाजी कडू होते. खाली उरणारा रस फेकायचा नाही. त्याला तिकडे ‘पॉट लिकर’ म्हणतात आणि मक्याच्या पावाबरोबर खातात. मक्याची गरम भाकरी कुस्करून खाल्ली तर तीही तितकीच जमते.

रक्त पातळ करण्यासाठी वॉरफॅरिनची गोळी चालू असणाऱ्यांनी असा पाला अचानक भरपूर खाऊ नये. त्यात के जीवनसत्त्व खूप असतं, त्याने गोळीचा परिणाम कमी होतो. डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवा.

प्रश्न : चवळी आणि भाताचा ‘हॉपिन जॉन’ कुकरमध्ये केला तर खिचडी झाली. (गिरगाव)

उत्तर : कुकरमध्ये तो खिचडीच होणार. साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरचा हा पदार्थ 1 जानेवारीला शुभ म्हणून खातात, सोबत वरचा पाला. चवळी पश्चिम आफ्रिकेतून तिकडे गेली, आणि त्या किनाऱ्यावरची भातशेती उभी राहिली तीही आफ्रिकी माणसांच्या कष्टावर आणि माहितीवर. त्यामुळे या भातात दाणा न दाणा सुटा असणं ही साधी अपेक्षा नव्हे, ती त्याची ओळख आहे.

काळ्या डोळ्याची पांढरी चवळी 200 ग्रॅम, सहा तास भिजवून. तेलावर कांदा, ढोबळी मिरची, लसूण परता, चवळी आणि एक लिटर पाणी घालून उघड्या पातेल्यात मंद शिजवा. पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटांत बोटाने दाबली जाईल पण फुटणार नाही, तिथे थांबा. मीठ, मिरपूड, तिखट. पाणी गाळून मोजा. 200 ग्रॅम कोलम तांदूळ धुऊन निथळून घ्या, त्याला 400 मिलिलिटर हे पाणी. कमी भरलं तर साधं गरम पाणी घाला. भात शिजत आला की चवळी वरून पसरा, झाकण ठेवून अगदी मंद आचेवर पाच मिनिटं, गॅस बंद करून दहा मिनिटं. आंबेमोहोर घेऊ नका, तो चिकट होतो. गोडा मसालाही नको, नाहीतर चवळीची उसळ आणि भात एकत्र कालवल्यासारखं लागेल. ही चव चवळीच्या पाण्याची आहे, तिला एकटीला राहू द्या.

याच जातकुळीतला भेंडी-भातही आहे, ‘लिम्पिन सुझन’. परतलेली भेंडी मोकळ्या भातात मिसळायची, एवढंच. डब्यासाठी उत्तम.

प्रश्न : लाल भेंडी आणली, शिजवल्यावर हिरवी झाली. भेसळ आहे का? (विलेपार्ले)

उत्तर : नाही. लाल रंग अँथोसायनिन या नैसर्गिक रंगद्रव्याचा. तो पाण्यात विरघळणारा आणि उष्णतेने उडणारा असतो. खालचं हिरवं उघडं पडतं. रंग ठेवायचा असेल तर कोवळी भेंडी कच्चीच पातळ कापून, लिंबू-मीठ लावून कोशिंबिरीत घाला. चवीत फारसा फरक नाही, त्यामुळे जादा पैसे मोजताना विचार करा.

प्रश्न : व्हिनेगरमधली भेंडी बरणीत भरून ओट्यावर ठेवली, आठवड्याने बुडबुडे आले. (चेंबूर)

उत्तर : ती बरणी चाखूनही न बघता टाकून द्या. तिकडच्या कृती 5 टक्के आम्लाच्या व्हिनेगरवर बेतलेल्या असतात. इथलं साधं सिंथेटिक व्हिनेगर बहुधा 4 टक्क्यांचं असतं. बाटलीवर लिहिलेलं असतं, वाचून घ्या. त्यात निम्मं पाणी मिसळलं की आंबटपणा फार कमी पडतो. म्हणून हे लोणचं फ्रिजमधलंच समजा.

बोटाएवढी, 6-7 सेंटिमीटरची कोवळी भेंडी 300 ग्रॅम. देठाचं टोक उडवा, पण टोपी उघडू देऊ नका, नाहीतर तार रसात उतरते. उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत भेंडी उभी रचा. चार लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, एक चमचा मोहरी, अर्धा चमचा बाळंतशेपा. बाळंतशेपा म्हणजे शेपूचंच बी, तिकडच्या लोणच्यात हाच वास असतो. व्हिनेगर 300 मिलिलिटर, पाणी 100 मिलिलिटर, मीठ 20 ग्रॅम, साखर एक चमचा उकळून गरमच ओता, भेंडी पूर्ण बुडाली पाहिजे. निवल्यावर फ्रिजमध्ये. सात दिवसांनी काढा आणि महिनाभरात संपवा. मऊ पडली तर भेंडी जून होती किंवा रसात उकळली गेली. रस उकळायचा, भेंडी नाही.

प्रश्न : तळलेले हिरवे टोमॅटो पाणचट होतात. (दहिसर)

उत्तर : ते बहुधा अर्धवट पिकलेले असतात. देठापासून टोकापर्यंत हिरवे, दगडासारखे टणक टोमॅटो हवेत. एक सेंटिमीटरच्या चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, पुसा, मग मैदा, ताक, मक्याचं पीठ या क्रमाने घोळवा आणि एक सेंटिमीटर तेलात दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं तळा. मैद्याचा पहिला थर वगळला तर ओल्या चकतीवर पुढचं काही धरत नाही.

प्रश्न : लिमा बीन्स आणि मक्याची ‘सक्कोटॅश’ करायची आहे. लिमा बीन्सऐवजी काय? (परळ)

उत्तर : हिवाळ्यात ओले पावटे. जात वेगळी, पण पिठूळपणा तोच. 200 ग्रॅम पावटे मिठाच्या पाण्यात आधी मऊ शिजवा, मग लोण्यावर कांदा, दोन मक्याच्या कणसांचे ताजे दाणे, एक टोमॅटो आणि पावटे सात-आठ मिनिटं परता. मका यापेक्षा जास्त शिजवू नका, दाणे चिवट होतात.

प्रश्न : कुंडीत भेंडी लावायची आहे. कुठलं बी? (गोरेगाव)

उत्तर : परदेशी पाकिटांवर ‘क्लेमसन स्पाइनलेस’ दिसतं. साउथ कॅरोलिनातलं हे वाण 1939 मध्ये अमेरिकेत पुरस्कार मिळवून गाजलं, पण आपल्याकडे पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा विषाणू त्याला लवकर धरतो. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. त्यापेक्षा परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘परभणी क्रांती’ बघा, ते याच रोगाला तोंड देण्यासाठी तयार केलेलं आहे. बी बारा तास भिजवा, बारा इंची कुंडीत एकच रोप ठेवा, सहा तास ऊन हवं. साधारण दीड महिन्यानंतर तोडणी सुरू होते. फूल उमलल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी तोडा आणि मग दिवसाआड. दोन-तीन दिवस विसरलात तर भेंडी लाकूड होते, आणि जून भेंडी झाडावर राहिली की नवी फुलं कमी येतात. तोडताना हातमोजे घाला, लवेने खाज येते.

प्रश्न : फ्रिजमध्ये भेंडीवर काळे डाग पडतात. (माहीम)

उत्तर : भेंडी गरम हवेची भाजी आहे, साधारण 7 अंशांखाली तिला थंडी बाधते. आपले फ्रिज 4 अंशांच्या आसपास असतात. न धुता, कागदी पिशवीत गुंडाळून, भाजीच्या कप्प्यात किंवा दाराकडच्या बाजूला ठेवा. मागची भिंत सगळ्यात गार असते. तरीही दोन-तीन दिवसांत संपवावी. जास्त आणली असेल तर चिरून, तेलावर तार जाईपर्यंत परतून, निववून डब्यात भरा आणि बर्फाच्या कप्प्यात टाका. महिनाभर चालते. वापरताना वितळवू नका, गोठलेलीच थेट गरम कढईत किंवा उकळत्या गंबोत घाला.